इंग्रज गेले, भाव पाडायची हत्यारं ठेवून गेले

निफाडकर: ८ डिसेंबर २०२३. कांदा निर्यातबंदीचा पहिला दिवस. आमची ट्रॉली रांगेत आणि लिलाव बंद. लाल कांदा टिकत नाही, त्यामुळे कांदाचाळीत साठवून ठेवायची सोय नाही. तिसऱ्या दिवशी खालच्या थराला पाणी सुटलं.
शेतकऱ्याचा भाव सरकारने दाबायची ही रीत इंग्रजांची. त्यांनी १९४७ साली आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टात, म्हणजे आजच्या घानात, कोको खरेदी करणारं सरकारी मार्केटिंग बोर्ड काढलं. जगात भाव कितीही चढो, शेतकऱ्याला ठरलेलाच, वरची रक्कम बोर्डाकडे. १९५७ ला घाना स्वतंत्र झाला, पण तिथले पहिले नेते एन्क्रुमा यांनी बोर्ड मोडलं नाही. साठच्या दशकात साडेपाच लाख टनांवर गेलेला कोको १९८३-८४ ला दीड लाखाच्या आसपास आला. आपला १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा, ज्याने सरकार मालाच्या साठ्यावर आणि भावावर बंधनं घालतं, तोही महायुद्धातल्या इंग्रजी नियंत्रणांचाच वारस. स्वातंत्र्यानंतर मालक बदलला, शेतकऱ्याकडून वसुली तशीच राहिली.

ओझरवाला: भाऊ, तुमचं नुकसान खरं आहे, पण निष्कर्ष पटत नाही. माझे वडील ओझरच्या एचएएल या सरकारी विमान कारखान्यात फिटर. १९६४ ला मिग लढाऊ विमानांसाठी कारखाना आला, तेव्हा आमच्या घरात दहावी झालेलं कुणी नव्हतं. १९५१ साली देशात शंभरात १८ साक्षर, २०११ ला ७४. शेतमालातून घेतला नसता तर शाळा, धरणं, कारखाने यांना पैसा कुठून येणार होता? आणि घानाचं सगळं खापर बोर्डावर कसं? १९६५ ला जगातच कोकोचा भाव कोसळला आणि १९६६ ला लष्कराने एन्क्रुमांना हटवलं.

निफाडकर: मग पुढची सतरा वर्षं? एन्क्रुमा गेले, लष्कर आलं, बोर्ड राहिलंच. लोक कोको चोरून आयव्हरी कोस्टला नेऊन विकत होते, कारण तिकडे भाव बरा होता.

सायखेड्याची सून: आफ्रिकेतलाच बोट्स्वाना बघा. १९६६ ला स्वतंत्र झाला, पुढच्याच वर्षी हिरे सापडले. त्याआधीपासून लोकांचं जगणं गुराढोरांवर. मांसाची खरेदी तिथेही सरकारी मंडळाकडेच, पण गुराख्याला भाव चांगला मिळायचा, कारण सेरेत्से खामा, मासिरे हे तिथले पहिले दोन राष्ट्राध्यक्ष स्वतःच मोठ्या कळपांचे मालक. मंडळ वाईट नसतं हो, ते कुणाच्या हातात आहे ते बघायचं.

ओझरवाला: ताई, आपल्याकडेही आमदार-खासदार शेतकऱ्यांचीच मुलं की!

सायखेड्याची सून: उसाची. उसाला एफआरपी, म्हणजे कायद्याने ठरलेला किमान भाव आहे, कांद्याला हमीभाव नाही. साखर कारखान्याचा चेअरमन मुंबई-दिल्लीत बसतो, दोन एकर कांदावाला रांगेत.

ओझरवाला: हे मान्य. पण नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या खोलीत राहून कंपनीत रोजंदारी करणाऱ्या बाईला ऐंशी रुपये किलो कांदा परवडत नाही. तिचं मत मोजायचं नाही का? १९९८ ला दिल्ली राज्यातलं सरकार महागड्या कांद्यामुळेच निवडणूक हरलं, असं म्हणतात.

निफाडकर: मोजा की. तिला स्वस्त द्यायचा तर सरकारने आमच्याकडून बाजारभावाने घ्यावा आणि तोटा तिजोरीतून भरावा. बंदी मे २०२४ ला उठली, तोवर आमचा लाल कांदा मातीमोलाने गेला होता. त्या पाच महिन्यांचं बिल एकट्या निफाड-येवल्याने का भरायचं, एवढंच सांगा.