रिव्हॉल्व्हरसाठी सहा-सात हजारांतील लहान तिजोरी कितपत भरवशाची असते?

करवीरचा शेतकरी

माझ्याकडे .३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हरचा परवाना आहे. शस्त्र कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील घरी लोखंडी कपाटाच्या चोरकप्प्यात असते आणि त्या कप्प्याची किल्ली कोठे ठेवलेली असते हे खरे तर घरातील सर्वांनाच ठाऊक आहे. आता मुलीची मुले सुट्टीला राहायला येऊ लागली आहेत. थोरला नऊ वर्षांचा आहे, धाकटी चार वर्षांची, आणि दोघांनाही बंद दिसेल ते उघडून पाहण्याची सवय आहे. शस्त्र सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्र २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे आपण लिहून देतो. ते केवळ कागदावर राहू नये, अशी माझी इच्छा आहे.

बाजारात आणि ऑनलाइन मी ज्या लहान पेट्या पाहिल्या, त्या चार ते आठ हजार रुपयांच्या दरम्यान आहेत. सर्वांच्या जाहिरातीत ‘भक्कम पोलाद’ आणि ‘अभेद्य’ असे शब्द आहेत, परंतु पत्र्याची जाडी एकीनेही दिलेली नाही. काहींना आकड्यांची बटणे आहेत, काहींना बोटाच्या ठशाचे कुलूप आहे, आणि आणीबाणीसाठी म्हणून किल्ली मात्र सगळ्यांनाच दिलेली आहे. मोठी तिजोरी घेण्याइतकी जागा नाही आणि तेवढा खर्चही करायचा नाही. अशा पेटीची पारख सामान्य माणसाने कशी करावी, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उद्यमनगरी फॅब्रिकेटर

आमच्या शॉपमध्ये पत्र्याचेच काम चालते, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो. दुकानात गेल्यावर दार उघडून कडेचा पत्रा व्हर्नियरने, म्हणजे जाडी मोजण्याच्या मापकाने, मोजावा. दुकानदाराने हरकत घेतली तर ती पेटी घेऊ नये. गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचा क्रमांक, तो जितका मोठा तितका पत्रा पातळ. १८ गेजचा पत्रा सव्वा मिलिमीटरच्या आतबाहेर असतो आणि तो मोठ्या स्क्रू-ड्रायव्हरने वाकतो. १६ गेज म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर आणि १४ गेज म्हणजे २ मिलिमीटर. आपल्या रकमेत दाराला ३ मिलिमीटर आणि अंगाला २ मिलिमीटर मिळाले तर व्यवहार वाईट नाही. दार अंगाच्या पातळीपेक्षा किंचित आत बसलेले असावे आणि भोवतीची फट इतकी बारीक असावी की पट्टीचे टोक शिरू नये, कारण हत्यार प्रथम त्या फटीतच अडकवले जाते. बिजागरी बाहेर असली तर ती कापली जाईल या भीतीने लोक नाके मुरडतात, परंतु बिजागरीच्या बाजूनेही दाराला पेटीच्या अंगात शिरणारे दांडे असतील तर बिजागरी कापूनही दार निघत नाही; ते दांडे आहेत की नाहीत एवढेच पाहावे.

पत्र्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे पेटी कशाला बांधणार. सात-आठ किलोची पेटी चोर उघडत बसत नाही, काखोटीला मारून नेतो आणि सवडीने ग्राइंडर लावतो. पेटीबरोबर येणारे फास्टनर, म्हणजे ती भिंतीला किंवा जमिनीला पक्की करण्याचे बोल्ट, बहुधा कामाचे नसतात. एम १० चे, म्हणजे १० मिलिमीटर जाडीचे, चांगले अँकर फास्टनर वेगळे विकत घ्यावेत. पेठेतील जुने घर दगड-मातीच्या भिंतींचे असेल तर त्यात अँकर फास्टनर धरत नाही, मातीसकट बाहेर येतो. अशा ठिकाणी जमिनीतील काँक्रीटमध्ये किंवा स्लॅबच्या खांबाला पेटी बांधावी. घर पुराच्या पट्ट्यात असेल तर मात्र तळमजल्यावर मुळीच नको. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचे पाणी ज्यांच्या घरांत शिरले, त्यांना बोल्टने बांधलेली वस्तू ऐनवेळी माळ्यावर नेता येत नाही याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

राजारामपुरीकर

पत्र्याविषयी वर लिहिले आहे ते योग्यच आहे, परंतु नऊ वर्षांचा मुलगा पहार घेऊन येणार नाही. तो पेटी हलवून पाहील, बटणे दाबत बसेल, पडली तर पडू देईल आणि किल्ली शोधेल. म्हणून आपल्या प्रश्नाचे उत्तर प्रामुख्याने कुलपाच्या यंत्रणेत शोधावे लागते, आणि स्वस्त पेट्यांचे दुबळेपणही तेथेच असते. माझा व्यवसाय इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या दुरुस्तीचा असल्याने अशा पेट्या उघडून आतील रचना पाहण्याची संधी मला वारंवार मिळते.

बहुतेक पेट्यांत दाराचे दांडे आपण स्वतः मूठ फिरवून मागे घेतो. त्या दांड्यांना अडवून धरणारी एक बारीक खुंटी असते. स्प्रिंगने ती पुढे रेटलेली असते आणि बरोबर आकडा मिळाला की सोलेनॉइड, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचा विद्युतचुंबक, तिला काही क्षण मागे ओढून धरतो. सारी शक्ती चार सेलवर मिळवायची असल्याने वेटोळे लहान ठेवावे लागते, वेटोळे लहान म्हणून स्प्रिंग हलकी ठेवावी लागते, आणि स्प्रिंग हलकी असली की पेटीला नेमक्या दिशेने धक्का बसताच खुंटी आपल्याच वजनाने मागे सरकते. त्या क्षणी मूठ फिरलेली असेल तर दार उघडते. आकडा नको आणि किल्लीही नको. काही रचनांत बाहेरून लावलेल्या जबरदस्त लोहचुंबकानेही हेच साधते.

ही माझी कल्पना नव्हे. २०१२ साली लास व्हेगास येथील डेफ कॉन या हॅकरांच्या परिषदेत कुलपांचे अभ्यासक मार्क वेबर टोबायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत सर्रास विकल्या जाणाऱ्या लहान शस्त्रपेट्या अशाच प्रकारे उघडून दाखवल्या होत्या. काही पेट्या जमिनीपासून काही इंच उचलून सोडल्या की उघडत होत्या, काहींत तारेचा तुकडा पुरत होता, आणि चित्रफितीत तीन वर्षांचे मूलही त्यांतील पेट्या उघडताना दिसत होते. विशेष म्हणजे त्यांतील काही पेट्यांना कॅलिफोर्नियाच्या न्याय विभागाची मान्यता होती. मान्यतेच्या चिकटपट्टीकडे मी तेव्हापासून जरा साशंकतेनेच पाहतो. आपल्याकडे तिजोऱ्यांसाठी आयएस ५५० हे भारतीय मानक आहे. विक्रेता मानकाचे नाव घेत असेल तर आयएसआय चिन्ह आणि त्यासोबतचा परवाना क्रमांक पेटीवर दाखवायला सांगावा, नुसत्या जाहिरातीवर विसंबू नये.

पुढची शंका आणीबाणीच्या किल्लीविषयी घ्यावी. बटणांच्या पाटीखाली किंवा कंपनीच्या नावाच्या पट्टीमागे ते किल्लीचे भोक लपवलेले असते, आणि दार जाडजूड असले तरी तेथील कुलूप पुष्कळदा टेबलाच्या खणाला असते त्याच प्रतीचे असते. गोल नळीच्या आकाराची किल्ली दिसली म्हणजे कुलूप भारी, असाही एक समज आहे. २००४ साली अमेरिकेत सायकलींची महागडी कुलपे प्लॅस्टिकच्या साध्या बॉलपेनने उघडतात हे उघड झाले, तेव्हा ती कुलपे याच नळीच्या किल्लीची होती. आपण घेत असलेल्या पेटीची किल्ली त्याच दुकानातील त्याच मॉडेलच्या दुसऱ्या पेटीला लावून पाहावी. ती लागली तर तेथून उठावे.

तिसरी जागा म्हणजे आकडा बदलण्याचे बटण. ते दाराच्या आतील बाजूस, सेलच्या खणाजवळ असते, आणि पेटीच्या पाठीमागील बोल्टचे भोक रिकामे राहिले तर काही पेट्यांत तेथून तार घालून ते बटण दाबता येते. म्हणून सगळी भोके बोल्टने किंवा रबरी बुचाने बंद झालीच पाहिजेत. शिवाय कारखान्यातून आलेला मूळ आकडा पहिल्याच दिवशी बदलावा, आणि माहितीपुस्तकात ‘मास्टर’ आकड्याचा उल्लेख असल्यास तोही बदलावा. हॉटेलांसाठी बनवलेल्या पेट्याच घरगुती म्हणून विकल्या जातात आणि त्यांत असा दुसरा आकडा असतोच.

आता घरी करण्याची परीक्षा. पेटीत शस्त्राऐवजी तेवढ्याच वजनाचा पाना ठेवून ती बंद करावी, जाड घोंगडीवर चार-पाच इंचांवरून सहा बाजूंनी सोडून पाहावी आणि प्रत्येक वेळी मूठ उघडण्याच्या दिशेला दाबून धरावी. वरून रबरी हातोडीचे ठोकेही द्यावेत. एकदा जरी उघडली तरी त्याच दिवशी परत करावी. ही परीक्षा बोल्ट बसवण्यापूर्वीच होते, हे लक्षात असू द्यावे. बजेट थोडे वाढवता आले तर सोलेनॉइडऐवजी लहान मोटरने दांडा फिरवणारे कुलूप घ्यावे. मोटरच्या दातेरी चाकांना धक्क्याने मागे ढकलता येत नाही.

निवृत्त अंमलदार

वरील माहिती मोलाची आहे, परंतु तिच्यावरून माझा निष्कर्ष वेगळा निघतो. सेलवर चालणाऱ्या कुलपात इतक्या पळवाटा असतील तर ते घ्यावेच कशाला? सहा किंवा आठ लिव्हरचे, म्हणजे किल्लीने उचलल्या जाणाऱ्या तेवढ्या आतल्या पट्ट्यांचे, चांगले कुलूप बसवलेली साधी जाड पेटी स्थानिक कारागिराकडून करून घ्यावी आणि किल्ली करदोट्याला बांधावी. परदेशी जाहिरातींत ‘दोन सेकंदांत शस्त्र हाती’ हा जो मुद्दा असतो, तो तेथील लोकांच्या सवयींचा आहे. आपल्याकडे शस्त्र रिकामे करून एका ठिकाणी आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवणे हाच शहाणपणा आहे, आणि तसे ठेवल्यावर दोन सेकंदांचा प्रश्नच उरत नाही.

आणखी एक सोय सुचवतो. निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र ठाण्यात जमा करण्याचा आदेश आपल्याला आला, तर पेटी आणून बसवण्याची आणि तपासण्याची कामे त्याच काळात उरकावीत. शस्त्र घरात नसताना ही उठाठेव निर्धास्तपणे करता येते. पेटी बसवायला येणाऱ्या गवंड्याला आत काय राहणार आहे हे सांगण्याचेही कारण नाही. कागदपत्रांसाठी आहे, एवढे सांगितले तरी पुरे.

राजारामपुरीकर

अंमलदार साहेब, किल्लीच्या कुलपाची मजबुती मला मान्य आहे. मात्र मूळ प्रश्नातच किल्लीची जागा घरातील सर्वांना ठाऊक असल्याचे लिहिले आहे. करदोट्याची शिस्त पाळणारा माणूस असेल तर आपला उपाय माझ्या उपायापेक्षा सरस. रात्री करदोटा खुंटीला लटकत असेल तर नव्हे. काडतुसे वेगळी ठेवण्याविषयी मात्र दुमत नाही, आणि ते पेटी कोणतीही असली तरी लागू आहे.

दुधाळी रेंज पालक

माझी मुलगी दुधाळीच्या रेंजवर .२२ च्या स्पोर्ट पिस्तुलाचा सराव करते. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत आणि आता स्वप्नील कुसाळे या नेमबाजांमुळे आपल्या जिल्ह्यात घरी खेळाचे शस्त्र असलेली कुटुंबे वाढत आहेत, म्हणून बोटाच्या ठशाच्या कुलपाविषयी लिहिते. काका, आपण शेती करता. उसाच्या पाल्याने आणि मातीने बोटांची कातडी घासली गेली की स्वस्त सेन्सर मालकालाच ओळखत नाही. मग चिडून तो आणीबाणीची किल्ली हाताशी ठेवू लागतो आणि सगळी सुरक्षितता त्या किल्लीपाशी येऊन थांबते.

याहून गंभीर प्रकार उलट दिशेचा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने ठशाच्या कुलपाच्या सुमारे ६१ हजार शस्त्रपेट्या परत मागवल्याचे जाहीर केले. ठसा नोंदवला जाईपर्यंत कोणत्याही बोटाने उघडणे हीच त्या पेट्यांची मूळ स्थिती होती, आणि आपला ठसा नोंदवला गेला आहे असे मालक समजून चालत होते. मालकाचे बोट लागले की पेटी उघडतेच, त्यामुळे शंका येण्याचे कारण उरत नाही. ठशाची पेटी घेणारच असाल तर नोंदणी झाल्यावर घरातील प्रत्येकाचे बोट, आणि आपलीही न नोंदवलेली बोटे, पुन्हा पुन्हा लावून पाहावीत. सेल बदलल्यानंतर हीच तपासणी परत करावी.

करवीरचा शेतकरी

सर्वांचे मनापासून आभार. ठशाची पेटी मी विचारातून काढून टाकली आहे. करदोट्याची सूचना उत्तम आहे, परंतु रानात किल्ली हरवण्याची भीती वाटते, त्यामुळे आकड्यांची मोटरवाली पेटी पाहतो. ती न मिळाल्यास उद्यमनगरातून १४ गेजमध्ये पेटी करून घेऊन तिला लिव्हरचे कुलूप बसवीन. काडतुसे जुन्या कपाटातच राहतील. त्या चोरकप्प्याचे कुलूप बदलून नवी किल्ली माझ्याजवळ ठेवीन. घराच्या भिंती मातीच्याच आहेत, तेव्हा पेटी वरच्या खोलीत स्लॅबच्या खांबाजवळ बसवावी लागेल. एवढाच प्रश्न उरतो की पावसाळ्यात त्या खोलीत दमटपणा फार असतो. त्याने कुलपाला किंवा शस्त्राला काही होईल का?

उद्यमनगरी फॅब्रिकेटर

होईल. पेटी भिंतीला थेट टेकवू नये. बोल्टवर वॉशर घालून अर्धा इंच अंतर राखावे, म्हणजे पाठीमागचा पत्रा गंजणार नाही. आत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि रंग बदलला की ती बदलावी. आतून फोम चिकटवलेला असेल तर तो काढून टाकावा, कारण तो ओल धरून ठेवतो आणि शस्त्र त्यावरच टेकलेले असते. सेल अल्कलाइनचेच वापरावेत आणि जूनच्या आधी बदलावेत. साधे सेल उकलून त्यांचे पाणी आतल्या पट्ट्यांवर उतरते. करून घ्यायची पेटी असेल तर आतून पावडर कोटिंग सांगून ठेवावे, त्याने खर्चात फारसा फरक पडत नाही.