कड आली म्हणून ब्रेकची डिस्क बदलायची का?

घाटवाट:
गाडी २०१२ ची, १ लाख १८ हजार किमी झालेत. पुढचे ब्रेक पॅड टाकायला नेली तर मेकॅनिक नुसतं बोट फिरवून म्हणाला, 'डिस्कला कड आलीय, जोडी बदला.' कड, म्हणजे पॅड घासत नाही तिथे उरलेला उंचवटा, नखाला लागते, मान्य. पण ब्रेक उत्तम लागतात! माझं मत: हे सरळसरळ गिऱ्हाईक कापणं आहे. लेथवर फिरवून, थोडी तासून सपाट करून घेतली तर दोन वर्षं सहज निघतील.

मायक्रोमीटर:
कडेवरून भांडू नका, जाडी मोजा. किमान जाडी बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते, गंज घासला की दिसते. समजा नवी २२ मिमी आणि किमान २०, म्हणजे दोन्ही बाजू मिळून झिजायला जेमतेम २ मिमी. त्यातलं दीड आधीच गेलं असेल तर लेथवाला काढणार कुठून?

पान्हा दहा बारा:
पुस्तकी हिशेब. माझी किमानच्या खाली गेलेली डिस्क वर्षभर चालली. शहरात चाळीसच्या वर गाडी जाते कुठे?

मायक्रोमीटर:
शहरात चालली हो. वरंध घाट उतरताना काय? पातळ डिस्कमध्ये लोखंडच कमी, ती लवकर तापते. पॅडची पकड सुटते आणि पॅडल दाबूनही गाडी थांबेनाशी होते.

पान्हा दहा बारा:
घाटात दुसऱ्या गिअरवर उतरायचं असतं, ब्रेकवर नाही. आणि स्टिअरिंग थरथरलं की 'डिस्क वाकडी' म्हणतात, तेही दर वेळी खरं नसतं. माझ्या गाडीत हबवर, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या भागावर, गंज होता. तारेच्या ब्रशने घासला, थरथर गेली. (पावसात सकाळी डिस्क तांबडी दिसते, तिला तर अजिबात भिऊ नका. चार ब्रेक मारले की साफ.)

मायक्रोमीटर:
गंजाचं पटलं. पातळ डिस्कचं नाही.

घाटवाट:
मोजली. नुसता व्हर्निअर कडेवर टेकतो आणि जाडी जास्त दाखवतो, म्हणून दोन्ही बाजूंना एकेक नाणं धरून मोजलं आणि नाण्यांची जाडी वजा केली. डावी २०.३, उजवी २०.१. कोरलेला आकडा २०. लेथ बाद. नवे पॅड झिजायच्या आत ही किमानखाली जाणार, तेव्हा जोडीच टाकतोय. पण हे मेकॅनिकने मोजून दाखवलं असतं तर मी धागाच काढला नसता.

पान्हा दहा बारा:
जुनी डिस्क फेकू नका, भंगारात द्या. चहापुरते तरी सुटतील.