पाणी बघून जायच्या जागा (अनुभव धागा)

मंडळी, पाण्याने आणि वाऱ्याने घडवलेल्या कितीतरी जागा महाराष्ट्रात आहेत, पण त्यांचं नाव जिल्ह्याबाहेर फारसं पोचलेलं नाही. "छान आहे, नक्की जा" एवढ्याने कुणाचं भागत नाही. महिना चुकला तर नुसता कोरडा दगड दिसतो, तास चुकला तर जिवावर बेततं. ज्याला जी जागा पक्की माहीत आहे ती त्याने लिहावी: कधी जायचं, कुठे उभं राहायचं, काय चुकतं आणि का. प्रवासवर्णन नको.

निघोजचे रांजणखळगे

पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या शिवेवर कुकडी नदीने काळ्या कातळात रांजण कोरलेत. शिरूरकडून येताना अलीकडच्या काठाला टाकळी हाजी, पलीकडे निघोज. पुराबरोबर आलेला गोटा कातळातल्या एखाद्या खळगीत अडकतो, भोवऱ्यात गरगर फिरतो आणि खालचा दगड दळत जातो. तो झिजून संपला की पुढच्या पुरात नवा येतो. कोरड्या पडलेल्या खळग्यात वाकून बघा. तळाशी लाडवासारखे गुळगुळीत गोटे पडलेले असतात आणि भिंतीवर मळसूत्रासारखे वळसे दिसतात. शेजारचे दोन रांजण रुंदावत एकमेकांत घुसले की मधली भिंत अगदी पातळ होते. तिच्यावर पाय देऊ नये.

जानेवारी ते मे हा काळ चांगला. भर दुपारी सगळा कातळ सपाट दिसतो. वळसे नीट दिसायला तिरपं ऊन लागतं, म्हणजे सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर.

मुख्य धोका आकारातच आहे. रांजणाचं तोंड लहान, पोट मोठं. आत पडलेल्याला पट्टीचं पोहता येत असलं तरी वर यायला हाताला काही लागत नाही, कारण भिंत घोटीव असते. त्यामुळे पाणी कितीही शांत दिसलं तरी उतरायचं नाही. शेवाळ नसलेला कातळही ओला झाला की काचेसारखा निसरडा होतो. चपला गाडीत ठेवा, रबरी तळव्याचे बूट घाला.

निघोजबद्दल थोडी भर

उन्हाळा आहे म्हणून नदी कोरडीच असेल असं धरून चालू नका. वरच्या धरणांतून पाणी सोडलं की भर उन्हात, ढग नसताना नदी वाढते. गावात शिरल्यावर पहिला प्रश्न "वरून पाणी सुटलंय का?" हाच विचारावा.

याच कुकडीच्या वरच्या अंगाला जुन्नर तालुक्यात बोरी बुद्रुक आहे. तिथे नदीकाठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा पांढुरका थर दिसतो. ही राख पार इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीची मानतात. वयावर अभ्यासकांचा वाद आहे. थर भुसभुशीत आहे. नमुना म्हणून खरवडून आणू नका, गेलेला थर परत येत नाही.

गुळुंचवाडीचा शिलासेतू

बोरी बघून पुढे जाणार असाल तर आळेफाट्याहून नगरच्या रस्त्याने बेल्हे ओलांडा. अणे घाटाच्या अलीकडे गुळुंचवाडी लागते. ओढ्याने कातळ खालून पोखरला आणि वरचा पट्टा पुलासारखा शाबूत राहिला. वरून चालत गेलं तर पूल आहे हे कळतच नाही, ओढ्यात उतरूनच बघावा लागतो. पावसाळा संपल्यावर, धार बारीक झाली की जा.

हेदवीची बामणघळ

गुहागर तालुक्यात हेदवीच्या किनाऱ्यावर, उमामहेश्वराच्या देवळाजवळ खडकात एक अरुंद चीर आहे. लाट रुंद तोंडातून आत शिरते, पुढे जागा निमुळती होत गेल्याने कोंडते आणि मोठ्या आवाजासह सरळ वर उडते. ओहोटीला गेलात तर एक भेग बघून परत याल. लोकांची निराशा होते ती बहुतेक यामुळेच.

भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे. पंचांगातली तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमाराला. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांत प्रतिपदेपासूनच मोजायचं. दुसरी भरती त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी. हिशेब अर्ध्यापाऊण तासाने इकडेतिकडे होतो, म्हणून पूर्ण भरतीच्या तासभर आधी पोचावं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते. पाणी तेव्हा सगळ्यात उंच उडतं आणि दुपारी बाराच्या आगेमागेच येतं, त्यामुळे उजेडही मिळतो.

उभं कुठे राहायचं ते खडकच सांगतो. जिथपर्यंत तो ओला आहे तिथपर्यंत लाट येऊन गेलेली आहे, कोरड्या खडकावरच थांबा. पाचसहा लाटा मवाळ आल्या म्हणून पुढे सरकू नका, मोठी लाट त्यांच्याच मागून येते. पावसाळ्यात घळीजवळ जाऊच नये.

सांदण दरी

अकोले तालुक्यातलं साम्रद हे पायथ्याचं गाव. जमिनीला पडलेली ही भेग साधारण दोन किलोमीटर लांब आहे आणि दोन्ही बाजूंचे कडे दोनशे-तीनशे फूट उंच. पावसाळ्यात आजूबाजूचं सगळं पाणी हिच्यातूनच कोकणात उतरतं, म्हणून तेव्हा आत पाऊल टाकायचं नाही. ऑक्टोबरातही अवकाळी सर आली की पळायला वाव नसतो. डिसेंबरनंतर जा.

तरी सुरुवातीलाच दोन डोह लागतात. पहिला उथळ, दुसरा हिवाळ्यात कमरेपर्यंत असू शकतो आणि उन्हाळ्याकडे आटत जातो. फोन, पाकीट, सुके मोजे जाड प्लास्टिकमध्ये बांधून डोक्यावर घ्या. पुढे खोलीएवढ्या धोंड्यांवरून चढउतार आहे, हात मोकळे हवेत. वरून माकडांच्या पायाने दगड सुटतात, हेल्मेट घालाच. जिथे दोराशिवाय उतरता येत नाही तिथून माघारी फिरा. पुढची वाट साधनं आणि जाणकार सोबत असतील तरच.

सडा वाघापूरचा उलटा धबधबा

पाटण तालुक्यातला हा धबधबा जुलै-ऑगस्टमध्ये दिसतो. नुसता पाऊस पुरत नाही. कड्यावर आदळून वर उसळणारा जोराचा वारा लागतो, तोच पडणारी धार उलटी फेकतो. पोचल्यावर धुकं असलं तर तास-दोन तास थांबा, एका झोतात सगळं मोकळं होतं. छत्री न्यायची नाही, ती उलटी होते आणि माणसालाही ओढते. वाऱ्यावर रेलून उभं राहणं फार वाईट. वारा एकदम पडला की तोल पुढे, कड्याकडेच जातो.

मराठवाड्याचं वेळापत्रक वेगळं

वरचे महिने बघून कुणी जुलैत बीड-नांदेडला निघू नये. तिकडे खरा जोर सप्टेंबरात असतो. पाटोदा तालुक्यातला सौताडा आणि पैनगंगेवरचा सहस्रकुंड हे धबधबे ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर या काळात बघावेत. सौताड्याला वरून बघून परतू नका. पायऱ्या उतरून रामेश्वराच्या देवळाशी गेलं की धार समोर येते. सहस्रकुंड ऐन पुरात एकच गढूळ लोट असतो. पूर ओसरायला लागला की काळा कातळ मधेमधे डोकं काढतो आणि त्या एका लोटाच्या असंख्य धारा होतात. बघावा तो तेव्हाच, पण काठावरून. वर इसापूरचं धरण आहे, तिथून पाणी सुटल्यावर कातळावर उभ्या असलेल्या माणसाला काठ गाठायला वेळ मिळत नाही.