मदत हवी आहे: जुन्या पॉवर सप्लायची प्रोसेसर केबल नव्या सप्लायला चालेल का?

नमस्कार मंडळी,

नवा कॉम्प्युटर जोडतो आहे. बोर्ड, प्रोसेसर, रॅम, कूलर सगळं बसलं, गाडी अडलीये ती पॉवरच्या केबल्सवर. खात्री झाल्याशिवाय स्विच दाबणार नाही, म्हणून हा धागा.

सप्लाय ६५० वॅटचा, पूर्ण मॉड्युलर आहे, म्हणजे सगळ्या केबल्स सप्लायपासून सुट्या करता येतात. बोर्डावर डाव्या वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरसाठी ८ पिनचं एक आणि शेजारी ४ पिनचं एक सॉकेट आहे. सप्लायसोबत आलेली प्रोसेसरची केबल कॅबिनेटच्या मागून फिरवली की चार बोटं कमी पडते. माझ्याकडे त्याच कंपनीच्या जुन्या सप्लायची केबल आहे, ती लांब आहे. नव्या सप्लायच्या सॉकेटात ती अलगद बसते, खटकाही लागतो. मग लावायला हरकत आहे का? आणि ते ४ पिनचं सॉकेट रिकामं ठेवलं तर चालेल का? प्रोसेसर मध्यम ताकदीचा आहे, ओव्हरक्लॉक (म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) करणार नाही.

शिवाय ग्राफिक्स कार्डाला ८ पिनची दोन सॉकेट्स आहेत. एकाच केबलला दोन तोंडं आहेत ती वापरू, की दोन वेगळ्या केबल्स?

प्रतिसाद १

जुनी केबल कृपया लावू नका. बसते म्हणजे चालते असं इथे अजिबात नाही. बोर्डाकडच्या टोकाला कुठल्या पिनवर काय यायचं हे ठरलेलं असतं, पण सप्लायकडच्या टोकाला तसं काही प्रमाण नाही. प्रत्येक कंपनी तिथे आपल्या मनाने पिना मांडते, आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेल्समध्येही ती मांडणी बदलू शकते. जिथे ग्राउंड (० व्होल्ट) हवं तिथे १२ व्होल्ट आले तर बोर्ड जाऊ शकतो. साटा केबल्सचंही (हार्ड डिस्क, एसएसडीला पॉवर देणाऱ्या) तेच. ५ व्होल्टच्या वायरीवर १२ आले की एसएसडी गेलीच म्हणून समजा. त्यामुळे जुन्या केबल्स जुन्या सप्लायलाच बांधून ठेवा.

लांबी कमी पडत असेल तर एक्स्टेन्शन केबल घ्या. ती बोर्डाकडच्या टोकाला जोडली जाते, म्हणून तिथे हा घोळ होत नाही.

४ पिनचं सॉकेट रिकामं राहू द्या, अशा प्रोसेसरला ८ पिन पुरतात. प्रोसेसरच्या सॉकेटात ग्राफिक्स कार्डाची केबल मात्र घुसवू नका. दोन्ही ८ पिनच्या, पण प्रोसेसरच्या केबलमध्ये खटक्याच्या बाजूला १२ व्होल्ट असतात आणि ग्राफिक्सच्या केबलमध्ये त्याच बाजूला ग्राउंड. ओळखायचं कसं? प्रोसेसरची केबल सहसा ४+४ अशी सुटते, ग्राफिक्सची ६+२. पिनांच्या घरांचे आकारही वेगळे असतात, काही चौकोनी, काही कोपरे कापलेली. जोर लावावा लागला तर थांबा.

प्रतिसाद २

कार्डाला दोन वेगळ्या केबल्स द्या. ८ पिनच्या एका कनेक्टरला १५० वॅटची मर्यादा आहे, दोन तोंडांच्या केबलवर सगळा भार एकाच जोडणीतून जातो. हलक्या कार्डाला चालून जातं, पण केबल हाताशी असताना काटकसर कशाला?

अजून एक. बोर्डाला पॉवर देणारी २४ पिनची मुख्य केबल अर्धवट बसण्याचे प्रकार फार होतात. बोर्डाला खालून बोटांचा आधार द्या आणि खटका दाताच्या खाली गेलेला डोळ्यांनी बघा, नुसत्या आवाजावर जाऊ नका.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. कंपनीच्या साइटवर दोन्ही मॉडेल्सचे पिनांचे तक्ते सापडले: प्रोसेसरच्या सॉकेटात १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या ओळी चक्क उलट आहेत! जुनी केबल बाजूला ठेवली. एक्स्टेन्शन येईपर्यंत नवी केबल मागून न नेता बोर्डाच्या पुढूनच नेली तर चाचणीपुरतं चालेल ना? तशी ती व्यवस्थित पोहोचते.

प्रतिसाद १

चालेल की. फक्त कूलरच्या पंख्यात अडकणार नाही एवढं बघा आणि पहिल्यांदा ग्राफिक्स कार्ड न लावता सुरू करा. प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक्स असेल तर डिस्प्ले थेट बोर्डावरून मिळेल.