स्वयंसेवकांच्या बागेत पगारी माळी ठेवावा का?

पालापाचोळा:
आमच्या सामुदायिक बागेचं हे चौथं वर्ष. यादीत चाळीस नावं आहेत, पण उन्हाळ्यात पाणी घालायला रोज तीच तीन माणसं. मध्यंतरी दोघं गावी गेली आणि मी तापाने पडलो. पाचव्या दिवशी जाऊन पाहतो तर टोमॅटोच्या रोपांनी माना टाकलेल्या, माती वाफ्याच्या कडेपासून सुटून बोटभर फट पडलेली. कंपोस्टच्या ढिगाला कुजका वास येत होता. कुणीतरी ओला कचरा ओतून गेलं होतं, वर मूठभर सुका पालाही टाकला नव्हता. माझं स्पष्ट मत आहे की वर्गणी काढून अर्धवेळ माळी ठेवावा.

चिखलपाय:
अजिबात पटत नाही. माळी आला की आपण फक्त बघायला जाणार. न्यूयॉर्कमध्ये 1973 साली लिझ क्रिस्टी आणि तिच्या साथीदारांनी कचऱ्याने भरलेली पडीक जागा स्वतः उपसून बाग केली. 1978 मध्ये तिथल्या महापालिकेने अशा बागांसाठी ग्रीनथंब ही योजना काढली, तरी बागा सांभाळतात ते रहिवासीच. 1999 मध्ये शहराने शंभरावर बागा लिलावात काढल्या तेव्हा हेच लोक रस्त्यावर उतरले आणि शेवटी सामाजिक संस्थांनी त्या जागा विकत घेतल्या. माळ्याच्या भरवशावरच्या बागेसाठी इतकं कोण भांडेल?

पालापाचोळा:
मोर्चा एक दिवसाचा असतो हो, पाणी रोजचं. आणि तुम्हीच सांगितलेल्या योजनेत माती, अवजारं, मार्गदर्शन पालिका पुरवते. म्हणजे फक्त हौसेवर तिथेही चाललेलं नाही.

कुंपणाबाहेर:
मला दोघांचंही पटत नाही. मी दीड वर्ष प्रतीक्षा यादीत आहे. फाटकाला कुलूप, आणि आतले दोन वाफे गवताने भरलेले मला बाहेरून दिसतात. जागा सगळ्यांची, मग महिनाभर न फिरकणाऱ्याचा वाफा काढून पुढच्याला का देत नाही? आणि वर्गणी लावलीत तर माझ्यासारखे कित्येक यादीतूनच गळतील.

चिखलपाय:
कुंपणाबाहेर यांचं म्हणणं रास्त आहे, ती चूक आमच्यासारख्यांचीच. पण पाण्याला माळीच कशाला? वाफ्यावर तीन-चार इंच पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, ठिबकला टायमर लावा. ओल कितीतरी जास्त टिकते. माळ्याचे पैसे त्यापेक्षा मातीच्या तपासणीला वापरा. शहरातल्या जुन्या पडीक जागेत शिसं असू शकतं. ते निघालं तर बाहेरची स्वच्छ माती आणून उंच वाफे करावे लागतील.

पालापाचोळा:
तपासणी आम्ही केलेली नाही, ती आधी करतो. रिकामे वाफे या रविवारीच यादीतल्यांना देऊ. आच्छादन, ठिबकही मान्य. पण नळीची भोकं क्षारांनी बुजली की साफ कोण करणार आणि टायमरचे सेल कोण बदलणार, ती नावं याच धाग्यावर द्या. नावं आली तर माळ्याचा विषय मी सोडतो.