ऊर्जेची रूपं मुलांना घरात कशी दाखवता? (अनुभव धागा)

स्थितिज, गतिज, औष्णिक, रासायनिक... पाचवीपासून पुढच्या मुलांना नावं घडाघडा येतात. पण "इस्त्री बंद केली, आता तिच्यातली ऊर्जा कुठे गेली?" विचारलं की उत्तर येतं, "संपली". घरातल्या वस्तूंवर तुम्ही काय करून दाखवता, सामान किती लागतं आणि कुठे फसतं, ते लिहा. मापं द्या, उपदेश नको.

रवीदोर
विजेचा मीटर. डिजिटल मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकणार, तो आकडा शेजारी छापलेला असतो. बऱ्याच मीटरवर ३२०० असतो, पण आपला वाचून घ्या. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, तेव्हा एका लुकलुकीला ११२५ ज्यूल. घरातलं सगळं बंद करा आणि ९ वॅटचा एकच एलईडी बल्ब लावा. दोन लुकलुकींत १२५ सेकंद जातात. मुलं कंटाळतात, कंटाळू द्या. मग १००० वॅटची इस्त्री लावा, सव्वा सेकंदाच्या आतच एक! उजेड स्वस्त आणि उष्णता महाग, हे सांगावं लागत नाही.

फसतं ते दोन ठिकाणी. फ्रिज, राउटर, इन्व्हर्टरचं चार्जिंग यातलं काही चालू राहिलं तर बल्बचा हिशेब पार कोलमडतो. आणि इस्त्री तापली की थर्मोस्टॅट तिला तोडतो, म्हणून डायल सगळ्यात वर ठेवून पहिल्या मिनिटातच मोजायचं.

पाचवी ब
गतीची उष्णता होते हे दाखवायला तळहात चोळणं ठीक, पण त्यात मोजायला काही नसतं. त्यापेक्षा एक मीटर पीव्हीसी पाइप, दोन बुचं आणि पाव किलो कोरडी बारीक वाळू घ्या. वाळूचं तापमान घ्या, पाइप १०० वेळा उलटा-सुलटा करा, वाळू पूर्ण खाली पडू द्या, पुन्हा तापमान घ्या. कागदावर वाढ येते सव्वा अंश सेल्सिअसच्या आसपास. प्रत्यक्षात थोडी कमीच मिळते, कारण पाइपही तापतो.

तापाचा थर्मामीटर इथे निरुपयोगी, तो खालचं तापमान वाचतच नाही. स्वयंपाकाचा डिजिटल, ०.१ अंश दाखवणारा घ्या. वाळू दमट असेल तर भिंतीला चिकटते. पाइप मधोमध, फडकं गुंडाळून धरा. टोकाला धरलात तर हाताचीच ऊब मोजाल.

जस्ताची पट्टी
लिंबाच्या सेलबद्दल (लिंबात एक तांब्याची आणि एक जस्ताची पट्टी खोचून केलेला) एक तक्रार. "लिंबात वीज असते" असं सांगून प्रयोग संपवतात. ऊर्जा जस्ताच्या झिजण्यातून येते, लिंबू फक्त आम्ल पुरवतं. तपासायचं असेल तर त्याच दोन पट्ट्या व्हिनेगरमध्ये बुडवा, सेल चालतो. लिंबात दोन्ही पट्ट्या तांब्याच्या खोचा, काही मिळत नाही.

एका लिंबाला साधारण ०.९ व्होल्ट. लाल एलईडीला दोनच्या आसपास लागतात, म्हणून तीन-चार लिंबं एकापुढे एक जोडा, एलईडीचा लांब पाय तांब्याकडे, खोली अंधारी. पांढरा एलईडी नको, त्याला तीन व्होल्ट लागतात. टॉर्चचा जुना बल्ब तर पेटणारच नाही: व्होल्ट जमवले तरी लिंबांतून प्रवाह फार थोडा येतो. जस्ताच्या पट्टीऐवजी जस्त चढवलेला खिळा चालतो. प्रयोगानंतर लिंबं फेकून द्या, सरबत नको.

गुंडाळी
घरगुती मोटर: दीड व्होल्टचा सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि एनॅमलची (वीजरोधक लेप असलेली) तांब्याची तार, दहा वेढे. मोटर फिरत नाही याचं कारण बहुतेक वेळा एकच: तारेच्या दोन्ही टोकांवरचं एनॅमल सगळीकडून खरवडलेलं. मग गुंडाळी एकदा उचकते आणि मागेपुढे डोलत राहते. एक टोक पूर्ण खरवडा, दुसऱ्याची फक्त एक बाजू. गुंडाळी अडकून राहिली की सेल गरम होतो, तेव्हा लगेच काढा. काढण्याआधी मुलांना बोट लावून बघू द्या, कारण फिरणं थांबलं तरी ऊर्जा कुठे चाललीय ते तिथेच कळतं.

पायरी मोजा
बिस्किटाच्या पुड्यावर १०० ग्रॅमला ४५० किलोकॅलरी लिहिलं असेल तर ५ ग्रॅमच्या बिस्किटात साडेबावीस, म्हणजे ९४ हजार ज्यूल. ३० किलोचं मूल ३ मीटरचा मजला चढलं की ८८२ ज्यूल. भागाकार केला की १०६ मजले! इथे मुलं हसतात, आणि इथेच थांबू नये. स्नायू त्यातला जेमतेम पाव भाग कामाला लावतात, बाकी घाम आणि ऊब. तरी पंचवीसेक मजले उरतातच. पुड्यावरचं "कॅलरी" म्हणजे किलोकॅलरी, हे विसरलं तर उत्तर हजार पटीने चुकतं.

चिमणीचा दिवा
दुसरी-तिसरीच्या मुलांना यातलं काय झेपेल?

पाचवी ब
रुंद रबरबँड. ओठाला टेकवून झटकन ताणा: कोमट लागतो. ताणलेलाच धरून पंधरा सेकंद थांबा, मग सैल सोडून पुन्हा ओठाला लावा: गार. बोटाला हा फरक कळत नाही, ओठाला कळतो. जुना, भेगा पडलेला रबर घेऊ नका, तुटून डोळ्याला लागतो.