मेशला जाळी म्हणायचं का? आणि स्लिव्हरला काय?

कॉम्प्युटेशनल जॉमेट्रीवर मराठीत लिहायला घेतलंय आणि पहिल्याच वाक्यात गाडी अडली. मेश जनरेशन, म्हणजे एखादा आकार छोट्या छोट्या त्रिकोणांत नाहीतर चतुष्फलकांत (चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतींत) कापायचा, मग त्यावर ताण, उष्णता, हवेचा प्रवाह असली गणितं चालवायची. ह्या मेशला जाळी म्हणू का जाळं? आणि ‘उच्च गुणवत्तेची जाळी’ लिहिलं की टेंडरची जाहिरात वाटते.

—

जाळं नको, ते वाचलं की नेटवर्क आठवतं. जाळी बरी, पण जाळीत तारा महत्त्वाच्या आणि भोकं रिकामी, इथे उलटं, भोक हाच माल, सगळं गणित त्रिकोणाच्या पोटात चालतं. मी सरळ ‘ती मेश’ लिहितो. क्वालिटीचं म्हणाल तर लोकांना बारीक मेश म्हणजे चांगली मेश वाटते, तसं नाहीये, बारीकपणा हा आकारमानाचा भाग झाला, क्वालिटी म्हणजे घाट. कोन फार लहान असला की समीकरणं सोडवताना त्रास आणि १८० अंशांच्या जवळ गेला की ताण-उष्णता जागेगणिक किती वेगाने बदलते त्याचा, म्हणजे उताराचा, अंदाजच गंडतो. म्हणून माझं मत ‘घाटदार मेश’ला.

—

घाटदार मस्तच!! डेलोने त्रिकोणीकरण ह्यासाठीच वापरतात ना, दिलेले बिंदू जोडून त्रिकोण करायचे, आणि कुठल्याही त्रिकोणाच्या परिवर्तुळात (तिन्ही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळात) दुसरा बिंदू नको, एवढीच अट. डेलोने हे रशियन गणिती, १९३४चा पेपर मात्र फ्रेंचमध्ये आणि विषय ‘रिकामा गोल’. किती सोपा शब्द, आपण तिथे ‘रिक्त परिवर्तुळ गुणधर्म’ लिहून वाचकाला पळवून लावतो. सपाट पृष्ठावर ह्याने सगळ्यात लहान कोन शक्य तितका मोठा होतो, पण बिंदू आहेत तेच धरून. बिंदूच वाईट पडले असतील तर नवे घालावे लागतात, रूपर्टची पद्धत वाईट त्रिकोणाच्या परिकेंद्रात बिंदू टाकते (ते मूळ आकाराच्या एखाद्या कडेला फार खेटत असेल तर ती कडच मधोमध तोडते), आणि मूळ आकारात निमुळते कोपरे नसले तर साधारण २०.७ अंशांखाली कोन जात नाही ह्याची हमी देते.

—

आणि स्लिव्हर, तो बिघडलेल्या घाटाचा चतुष्फलक? एका ठिकाणी ‘कुसळ’ केलेलं पाहिलं.

—

कुसळ साफ चूक! कुसळ लांब न् टोकदार, तसला चतुष्फलक वेगळा, त्याला सुई म्हणा. स्लिव्हरचे चारही शिरोबिंदू एका गोलाच्या विषुववृत्ताजवळ जवळपास चौकोनात बसलेले असतात, म्हणजे कडा सगळ्या बऱ्या लांबीच्या आणि घनफळ जवळपास शून्य. त्यामुळेच तो फसवा, परिगोलाची (चारही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या गोलाची) त्रिज्या भागिले सगळ्यात आखूड कड ही नेहमीची परीक्षा बिनदिक्कत पास होतो, आणि परिकेंद्रात बिंदू टाकत राहिलं तरी तो जाईलच ह्याची हमी नाही. तीन मितींत लोकांनी डोकं फोडून घेतलंय ते ह्याच्यापायी. दगडाची चपटी कपची असते बघा, तशी. कपची म्हणा.

—

कपची फायनल. आता रिफाइनमेंट तेवढं उरलं, शब्दकोश शुद्धीकरण म्हणतो.

—

शुद्धीकरण पाण्याचं. बिंदू घालून मेश सुधारतो ना आपण, मग सुधारणं लिहा की.